काकी

माझ्या भाषेत काकी हे एक फळ आहे.
केशरी, टोमॅटोएवढं,
आधी इतकं तुरट की जीभ आत ओढली जाते.
सोलून, दोरीला बांधून, थंडीत टांगलं
तर दीड महिन्यानं त्यावर साखर येते.

हे मी मोकाशी काकींना सांगितलं नाही.
पहिल्या दिवशी त्यांनी भाडं, डिपॉझिट,
पाणी सहा ते साडेसात
आणि मासळी या घरात चालणार नाही
एवढं सांगून किल्ली हातावर टेकवली.
"मॅडम नको, काकी म्हण."
मी मान खाली घालून हसले.
त्यांना वाटलं, मुलगी नम्र आहे.

कर्वेनगर, कालव्याच्या बाजूची खिडकी.
गॅसच्या नंबरासाठी तीन फेऱ्या,
पोलिसांच्या कागदासाठी पाच.
रिक्षावाल्याला "सरळ" म्हणता येतं,
"थोडं मागे घ्या" अजून नाही,
म्हणून मी रोज घराच्या पुढे उतरते
आणि चालत मागे येते.

ओला, सुका : हे मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही.
दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवते.
फुटलेला ग्लास कागदात गुंडाळून
वर लिहिलं : काच.
माझं पहिलं मराठी लेखन.
कचरा नेणाऱ्या गयाबाई ती पुडी
चारही मजल्यांवर दाखवत फिरल्या,
"बघा, परदेशची बाई. आणि तुम्ही!"
तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरचे
माझ्याशी बोलत नाहीत.

संध्याकाळी सात ते नऊ,
डेक्कनला झेरॉक्सच्या दुकानावरची खोली.
बावीस मुलं, अठरा खुर्च्या.
क्रियापद शेवटी येतं
हे समजवायला मी आठवडा राखून ठेवला होता.
पहिल्याच तासाला ऋग्वेद भोकरे म्हणाला,
"सेन्सेई, आमचंपण तसंच आहे."
म्हणजे इकडेही लोक वाक्य संपेपर्यंत थांबत असणार,
असं मला वाटलं.
नाही थांबत.
क्रियापदाआधीच उत्तर येतं,
चहाही येतो कधीकधी.

एकदा जिन्यात म्हणाले, "जाते."
वरून काकी ओरडल्या,
"जाते काय! येते म्हणावं!"
मी एक बूट घालून तशीच उभी राहिले.
आमच्याकडेही दारात हेच म्हणतात, जाऊन येते.
आतून आई म्हणायची, जाऊन ये.
ओसाकातल्या खोलीत चार वर्षं
हे कुणाला म्हणायचं होतं?
कुलूप लावायचं आणि निघायचं.
"येते," मी म्हटलं,
जरा जास्तच मोठ्यानं.

माझं काम असं आहे
की मुलं शिकली की निघून जातात,
मी जिथून आले तिकडे.
ऋग्वेद नागोयाला गेला.
नोव्हेंबरात सुट्टी काढून, न विचारता,
नागानोच्या डोंगरात माझ्या गावी जाऊन आला.
फोटो पाठवला :
आईची ओसरी, केशरी माळा,
मध्ये हा, मफलर गुंडाळून,
हातात अर्धं फळ आणि तोंड वाकडं.
कच्चं खाल्लं असणार.
आईनं सांगितलं असेल, खाऊ नकोस.
पण वाक्य संपेपर्यंत थांबला असेल तर तो ऋग्वेद कसला.

फोटो काकींना दाखवला.
"हे काय गं लटकवलंय?"
"काकी."
"अगं इथेच आहे मी. हे काय ते सांग."
"काकी," मी पुन्हा म्हटलं,
आणि मग सांगावंच लागलं सगळं,
तुरटसुद्धा.
त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला,
फळ नाही, आईचा चेहरा.
बराच वेळ पाहिला.
"साखर वरून लावतात?"
"नाही. आतून येते."
"दिवस किती?"
"दीड महिना. थंडी मात्र पाहिजे."
"मग पुण्यात कसलं जमतंय," म्हणाल्या
आणि चप्पल शोधू लागल्या.

दारात वळल्या.
"त्या निळ्या डब्यात सुकी मासळी आहे ना तुझी?
नाक आहे मला.
खिडकी उघड आणि भाज.
जिन्याकडचं दार मात्र लावून घे."